कचऱ्याची कौदी

वैशाखाचं ऊन चढलं की आमच्याकडं बायका सुया शोधायला लागतात. तूर कधीच डाळमिलला गेलेली असते, ज्वारीचा कडबा रचून झालेला असतो आणि मिरगाच्या पावसाला अजून अवकाश असतो. हा जो मधला रिकामा, तापलेला काळ आहे ना, तो कौदीचा. कौदी म्हणजे तुमची गोधडी. लातूर-उदगीरकडं तिला वाकळ म्हणतील. आमचं गाव बिदर आणि गुलबर्ग्याच्या मधल्या पट्ट्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडताना जे आधी सुचेल ते. त्यामुळं आम्ही कौदीच म्हणतो.

यंदाही उन्हाळा आलाय. समोरच्या घरची नवी सून ओसरीवर जुनी लुगडी पसरून बसलीय आणि टाके वाकडे घालतेय. मी दोनदा जाऊन सांगून आले. आता तिसऱ्यांदा गेले तर ती सुई मलाच टोचेल. पण करू काय? कौदीचा पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात, आणि हात शिवशिवले की तो एक उन्हाळा आठवतो. बढाई मारते म्हणा हवं तर. मारतेच. असा उन्हाळा ज्याच्या वाट्याला आला त्यानं मारायची नाही तर कुणी मारायची?

त्या उन्हाळ्याला वास होता. कडुलिंबाच्या मोहराचा असतो तसला नाही. कुजक्या भाज्या, जळकं प्लास्टिक आणि मेलेलं काहीतरी, असा तो वास दुपारच्या झळांबरोबर माळावरून खाली उतरायचा. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला, माळावर, जवळच्या तालुक्याच्या गावचा कचरा डेपो होता. ट्रॅक्टर यायचे, ट्रॉल्या उलट्या करायचे आणि जायचे. भाकरी थापताना परातीवर माश्या बसायच्या. एका हातानं थापायचं आणि दुसऱ्यानं हाकलायचं. पाव्हणा आला तर ताट वाढायची लाज वाटायची मला. माझ्या हातची भाजी चांगली असते, पण त्या वासात तिची चव कुणाला कळणार?

आणि गंमत बघा, मी कमठाण्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा याच गावच्या कचऱ्याची आम्ही वाट बघत असू. तेव्हा कचऱ्यात असायचं काय? चुलीची राख, शेण, केळीच्या साली, पत्रावळी. उन्हाळ्यात आमच्या बैलगाड्या गावात जायच्या आणि उकिरडे उपसून आणायच्या. तो कचरा रानात पडायचा आणि ज्वारीच्या कणसात दिसायचा. मग काही वर्षांत दुकानांच्या दारांना शाम्पूच्या पुड्यांचे हार लटकले, गुटख्याच्या पुड्या आल्या, पावशेर मिरच्यांनाही पिशवी मिळायला लागली. कचऱ्याचं खत होणं बंद झालं. शेतकरी तो न्यायला जाईना, म्हणून पालिकेनं तो माळावर आणून टाकला. पूर्वी गावचा कचरा आमच्या रानात यायचा. आता आमचं रान कचऱ्यावर जायची वेळ आली होती, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

कारण कचरा झाकायला माती लागते. रोज संध्याकाळी, दिवसभराच्या कचऱ्यावर मातीचा थर घालावा असा नियम आला होता. आधी त्यांनी भोवतालचं गायरान खरवडलं. आमच्याकडं वरची माती ती किती, वीतभर. खाली लगेच तांबडा जांभा दगड लागतो. गायरान खरवडून दगड उघडा पडला तसा मातीचा ठेकेदार खाली वस्तीत उतरला आणि घरोघर विचारू लागला. माळाला सगळ्यात जवळचं रान आमचं.

ते रान मुळात रान नव्हतंच, माळच होता. आमचं घराणं मेंढरांवालं. आजेसासरे मेंढरं घेऊन फिरायचे. त्यांना हा दगडाळ तुकडा मिळाला तसा ते दरसाल उन्हाळ्यात कळप तिथं बसवायचे. मेंढरं बसवायची म्हणजे रात्री त्याच जागी मुक्काम करायचा, उद्या थोडी पुढची जागा. लेंड्या, मूत, खुरांनी तुडवलेला पाला. असं वर्षानुवर्षं करत माळाची माती झाली. पुढं मेंढरं गेली आणि सासऱ्यांच्या हातात नांगर आला. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, मीही अप्पाच म्हणायची. त्यांनी तिथं तूर काढली, उडीद काढला, एके साली तर भुईमूगसुद्धा.

पण त्या उन्हाळ्यात अप्पा थकले होते. थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात लागला होता आणि आठवड्याला एकदा घरी यायचा. धाकटा पुण्यात. त्याचा फोन किराणा दुकानातल्या रुपया टाकायच्या डब्यावर यायचा आणि अप्पा पळत जाईपर्यंत कट व्हायचा. रान मीच करत होते. पेरणी, खुरपणी, काढणी. बैलांना आवाज दिला तर ते माझं ऐकायचे. पण ठेकेदार ओसरीवर बसला आणि अप्पांनी चहा मागवला तेव्हाच मी काय ते ओळखलं. माती देतो म्हणाले अप्पा. मिरगाच्या आत उचल म्हणाले. कोण करायलंय शेती आता, एक तिकडं, एक तिकडं.

मी आतून ऐकत होते. चहा ओतला तो अर्धा बशीत, अर्धा जमिनीवर. ठेकेदार गेल्यावर बाहेर आले आणि म्हटलं, “अप्पा, मी हाय की. मी करायलेय की शेती.”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. एखादं वासरू मधेच बोललं तर माणूस बघेल तसं बघितलं. “तू हाईस, ते खरं,” म्हणाले, आणि पटका झटकून निघून गेले. ते ‘खरं’ मला झोंबलं. इतकी वर्षं मी त्या रानात कंबर मोडली आणि हिशेबात मी नव्हतेच. शेती करणारे म्हणजे ते दोघं, जे शेती सोडून गेले होते. मी ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि तरातरा माळ चढून डेपोवर गेले.

तिथं पालिकेचा इंजिनियर उभा होता. शरणप्पा त्याचं नाव, गुलबर्ग्याकडचा, तरणा, नाकाला रुमाल बांधलेला. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. मराठीत सुरुवात केली, कन्नडात चढले आणि शेवटचं दखनी उर्दूत संपवलं. त्यानं रुमाल सोडला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, तुमची माती मलाबी नकोच. पण रात्री याला उघडं ठेवता येत न्हाई. माश्या, कुत्री, आग. कायतरी झाकायला पायजे. तुमी मातीच्या बदली दुसरं दावा, मी तुमच्या रानाला हात लावू देत न्हाई.”

माणूस चांगला होता, म्हणून त्याच्यावर अजून राग आला. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

त्यानं स्वतः आधी ताडपत्री आणून बघितली होती. निळी, कोरी करकरीत. ती दोन रात्री डेपोवर राहिली आणि तिसऱ्या दिवशी गायब. त्याच आठवड्यात खालच्या आळीत एका कडब्याच्या गंजीवर निळी ताडपत्री दिसू लागली. आता आमच्याकडं कडबा उघडा आणि कचरा झाकलेला, हे कुणाला बघवणार? मी असते तरी तेच केलं असतं.

मग आमचे दोघांचे प्रयोग सुरू झाले. तो साहेब आणि मी बाईमाणूस, पण आठवडाभरातच आमचं असं भांडण जमलं की बघणारे म्हणायचे, हे भाऊबहीणच दिसायलेत. पहिल्यांदा वीटभट्टीची राख आणली. संध्याकाळी पसरली, छान पांढरं दिसलं, आणि पहिल्या झुळकीला सगळी राख खाली वस्तीत उतरली. पोरं, म्हातारे, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं पांढरं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मग साखर कारखान्याच्या चिपाडाचा भुसा. तो चांगला बसला, वासही दबला, पण माळावर जळती बिडी टाकणारे काही थोडे नाहीत. एका दुपारी धूर निघाला तसा शरणप्पा म्हणाला, हे नको.

आणि मग तुरीची टरफलं. ही माझी कल्पना, म्हणून जरा सविस्तर सांगते. इकडं डाळमिल पावलापावलाला. टरफलांचे ढीग पडलेले. म्हटलं, वजनदार आहेत, उडणार नाहीत, पाणी मारलं की पेटणारही नाहीत. पसरली. सकाळी जाऊन बघते तर वस्तीतल्या सगळ्या म्हशी, गायी, शेळ्या कचऱ्यावर उभ्या आणि निवांत चरतायत. आमची कपिला सगळ्यांच्या मधोमध. जनावराला टरफलं म्हणजे पक्वान्न, हे मला ठाऊक नव्हतं का? रोज सकाळी तेच तर घालते मी गोठ्यात. पण रागात माणसाचं डोकं चालत नाही. शरणप्पा हसून हसून खाली बसला. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की मिरग जवळ यायलाय आणि अप्पांचा शब्द गेलेला आहे.

त्या सकाळी त्यानं एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात बसली. म्हणाला, कचरा सगळीकडं पसरतो म्हणून झाकण पुरत नाही. रोजचा कचरा रोज एकाच पट्ट्यात टाकला, दाबला, सपाट केला, तर तेवढाच पट्टा झाकायचा. आणि झाकण कायमचं नको. संध्याकाळी घालायचं आणि सकाळी काढायचं.

संध्याकाळी घालायचं, सकाळी काढायचं. मी माळ उतरत होते आणि हेच घोकत होते. खाली नागम्मा अक्काच्या दारात बाजेवर कौद्या वाळत होत्या. मी तिथंच थांबले.

नागम्मा अक्का आमची शेजारीण. बसवण्णाला मानणारं घर, नवऱ्यामागं तिनंच भुसार दुकान चालवलेलं, गळ्यात लिंग, तोंडात तंबाखूची गोळी. कौदी शिवावी तर तिनंच. टाका असा की मोजून घ्यावा. गावात बाळ जन्माला आलं की आधी सुईण आणि मग नागम्मा. मी तिला म्हटलं, अक्का, कचऱ्याला कौदी शिवायची. तिनं तोंडातली गोळी थुंकली. मी आख्खं सांगितलं: माती, ठेकेदार, अप्पा, म्हशी, सगळं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की कौदी निजणाऱ्याची असते, घाणीची नसते.

“मग निजवायचंच हाय की त्येला,” मी म्हटलं. “रोज राती निजवायचं, सकाळी उठवायचं.”

तिनं बाजेवरच्या कौद्या गोळा केल्या. नंतर आत गेली आणि दाभण घेऊन बाहेर आली. पण अट घातली. शिवायची तर कौदीसारखी शिवायची, सगळं रीतीनं. अर्धवट काम माझ्या हातून होणार नाही, म्हणाली. मी कशाला नाही म्हणते?

तिथून पुढचे दिवस म्हणजे, काय सांगू. आजही त्या दिवसांची आठवण आली की अंगात बळ येतं. आम्ही खळ्यावर बसलो. तुरीची रास जिथं पडते ती सारवलेली जागा, वर बाभळीची विरळ सावली. डाळमिलमधून फाटकी तागाची पोती आली. घरोघरची खताची पोती आली. नागम्मा अक्काचा भाऊ गाणगापूरला नारळ-फुलांचं दुकान चालवायचा. त्यानं दुकानावरच्या जुन्या पालांचं जाड कापड धाडलं. दत्ताच्या दारातलं ऊनपाऊस खाल्लेलं कापड, ते सगळ्यात वरच्या अंगाला लावलं. खाली खताची पोती, मधे ताग, वर पाल. माप लुगड्यानं घेतलं. शरणप्पानं काठीनं माळावर पट्टा आखून दिला आणि मी माझं नेसतं नऊवारी सोडून, म्हणजे घडीतलं दुसरं, त्यावर पसरलं. लांबीला दोन लुगडी, रुंदीला एक.

पहिल्या दिवशी आम्ही चौघी होतो. बघायला आलेल्या बसल्या आणि बसलेल्यांनी दाभण मागितलं. दोनचार दिवसांत खळं भरून गेलं. दुपारी पेंगणाऱ्या बायका, ज्यांचे नवरे हैदराबादला, मुंबईला, कुठं कुठं, त्या सगळ्या. मधल्या काळात आम्हाला एकत्र बसवायला काही उरलंच नव्हतं. लग्नाला कौद्यांऐवजी बाजारच्या चादरी यायला लागल्या होत्या. हात रिकामे होते आणि तोंडं त्याहून. सुतळीनं बोटं सोलली. पाण्याची घागर फिरायची. कुणाच्या सासूची नक्कल व्हायची आणि ती सासू पलीकडच्या कोपऱ्यात शिवत बसलेली असायची, तीही हसायची. जाणारे-येणारे बाप्ये विचारायचे, “कामून गं, कचऱ्याला थंडी वाजायलीय व्हय?” आम्ही म्हणायचो, व्हय, आणि तुमालाबी शिवून देतो, थांबा.

अप्पा रोज खळ्यावरून जायचे.  एकदा मात्र थांबले, टाका बघितला, दोन बोटांत धरून ओढून बघितला, आणि गेले. मी नागम्मा अक्काकडं बघितलं. ती म्हणाली, शिव गप.

कौदी पूर्ण व्हायच्या आधी एक रीत असते. कौदीचं पोट उपाशी बंद करायचं नसतं. शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालायचा, जरासा गूळ, हळदकुंकू लावायचं आणि मग तोंड शिवायचं. पोट भरलेली कौदी निजणाऱ्याला सुखाची झोप देते. माझ्या लग्नात आईनं दिलेल्या कौदीत आहे तो तुकडा, अजून कोपऱ्यात टणक लागतो बोटाला. नागम्मा अक्कानं अट घातली होती ना, सगळं रीतीनं. ही तर कित्येक कौद्यांएवढी. मग एका तुकड्यानं कसं भागेल? चारी कोपऱ्यांत ज्वारीची एकेक चतकोर भाकरी, वर गूळ आणि तुपाचा हात. आम्ही सगळ्यांनी मिळून कौदीला जेवू घातलं आणि तोंडं शिवली. एकजात शहाण्या बायका आम्ही, पण एकीच्याही मनात आलं नाही.

त्या संध्याकाळी माळावर जत्रा भरली होती म्हणा. कामगारांनी कचरा पट्ट्यात दाबला होता. आम्ही कौदी डोक्यावर घेऊन चढलो, लग्नाचा आहेर घेऊन जावं तसं. पसरली. पट्टा कसा गप्प झाला. वास निम्म्यानं उतरला, माश्या भुणभुणत वर उठल्या आणि बसायला जागा नाही म्हणून निघून गेल्या. शरणप्पा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि नुसता बघत राहिला. मला वाटलं, जिंकलो.

सकाळी बघतो तर चारी कोपरे फाडलेले. सुतळी लोंबतेय, ताग बाहेर आलाय, आणि गावातली झाडून सगळी कुत्री कौदीवर पसरून झोपलेली, तुपाची तोंडं चाटत. शरणप्पानं कोपरा उचलला, आत बोट घातलं आणि विचारलं की कोपऱ्यात काय होतं. आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघायला लागलो. शेवटी नागम्मा अक्का पुढं झाली. “भाकरी,” म्हणाली ती. “गूळबी.”

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. ठेकेदाराचा माणूस मात्र तिथंच होता, तो पोट धरून हसला, आणि खाली जाऊन त्यानं अप्पांना सांगितलं की उद्या सकाळी ट्रॉली आणतो, जागा दाखवा. अप्पा हो म्हणाले.

आम्ही कौदी खळ्यावर ओढून आणली.  फाटलेलं शिवता येत होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा की कोपऱ्यात घालायचं काय. नागम्मा अक्का उपाशी कौदी शिवायला तयार नाही. मी चिडून म्हटलं, कुत्र्यांना आवडणार नाही असं घाल, तिखट घाल, दगड घाल. ती म्हणाली, पोटाला दगड घालतात व्हय कुणी? आम्ही दोघी भांडलो आणि मी घरी आले. चूल पेटवली नाही. असं वाटत होतं की आता कशात जीव घालायचा? उद्या याच वेळी रानात जांभा उघडा पडलेला असेल, आणि दगडावर माती व्हायला अजून किती कळप बसवावे लागतील, आणि कळप तर कुठं आहेत?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अप्पा जागा दाखवायला रानात गेले. मी गेले नाही. मला बघवलं नसतं. मी खळ्यावर गेले. नागम्मा अक्का आधीच येऊन बसली होती, कोपरे तसेच उघडे ठेवून बाकीच्या उसवलेल्या शिवणी नीट करत होती. आणखी बायका आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. ट्रॉलीचा आवाज आला, रानाच्या बांधापर्यंत आला आणि थांबला. आम्ही सगळ्या माना खाली घालून शिवत होतो. मग तो आवाज पुन्हा सुरू झाला आणि दूर जायला लागला. रिकामी ट्रॉली खडखडते, भरलेली नाही. ट्रॉली खडखडत होती.

थोड्या वेळानं अप्पा खळ्यावर आले. धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. खाली बसले आणि सोगा सोडला. ढेकळं होती. आमच्या रानातली, काळसर, आत मुळांचे बारीक तंतू असलेली. रानात काय झालं, ठेकेदाराला ते काय बोलले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्यांनी एक ढेकूळ उचलून नागम्मा अक्काच्या हातात दिलं.

“पोटाला ह्ये घाला,” म्हणाले. “इंदूच्या रानातलं हाय.”

इंदू म्हणजे मी. तोवर ते रान अप्पांच्या वडिलांचं होतं, अप्पांचं होतं, त्यांच्या मुलांचं होतं. माझं नाव त्या रानाच्या शेजारी कुणी पहिल्यांदाच ठेवलं. मी दाभण बोटात घुसवून घेतलं आणि मला कळलंसुद्धा नाही. नागम्मा अक्कानं ढेकळं कोपऱ्यांत घातली, हळदकुंकू लावलं आणि तोंडं शिवली. कुणी गाणं म्हटलं नाही की काही नाही. पण मी सांगते, आमच्या भागात इतका मान कुठल्या कौदीला मिळाला नसेल.

त्या संध्याकाळी वावटळ उठली. वैशाखातली, माळावरची, पत्रे उडवणारी. आम्ही सगळ्या खाली अंगणात उभ्या राहून वर बघत होतो. कागद उडाले, पिशव्या उडून बाभळीला लागल्या, आणि कौदी जागची हलली नाही. ढेकळांचं वजन कोपऱ्यांना होतं. शरणप्पा सकाळी मोटारसायकलवरून सरळ आमच्या अंगणात आला आणि विचारलं की कोपऱ्यात वजन घालायचं कुणाला सुचलं. मी अप्पांकडं बोट दाखवलं. अप्पांनी पटका सारखा केला आणि म्हणाले, चहा घ्या.

कौदी कुणी चोरली नाही. एक तर तिचा वास, आणि दुसरं म्हणजे आमच्यातल्या प्रत्येकीला आपापला टाका ओळखू येत होता. कुणाच्या कडब्यावर दिसली असती तर त्या घरचं काही खरं नव्हतं. संध्याकाळी घातली, सकाळी काढली, असं मिरगापर्यंत चाललं, मिरगानंतरही चाललं. शरणप्पानं पुढच्या कौदीला पोती आणि मजुरी पालिकेकडून मिळवून दिली आणि त्या पावसाळ्यात आम्ही दुसरी शिवली, मग तिसरी. नागम्मा अक्का म्हणायची की आपण गावातल्या सगळ्यात मोठ्या बाळाच्या सुइणी आहोत. माझ्या परातीवरच्या माश्या गेल्या. पाव्हणे परत यायला लागले आणि भाजीची तारीफ करून गेले. उशिरा का होईना, केली.

आणि रानात त्या साली मी तूर पेरली, मधे उडदाच्या ओळी टाकल्या. अप्पा बांधावर बसायचे आणि कुणी विचारलं, काय पेरलंय, तर म्हणायचे, इंदूला इचारा. मला दर वेळी नवं वाटायचं ते. हसू यायचं आणि लगेच डोळे भरायचे.

पुढं डेपो तिथून दुसरीकडं गेला. शरणप्पाची बदली झाली. अप्पा गेले. जायच्या आधी त्यांनी रान माझ्या नावावर करायला लावलं, दोन्ही मुलांना समोर बसवून. पहिली कौदी तोवर जीर्ण झाली होती. डेपो हलवताना कामगारांनी ती आमच्या दारात आणून टाकली, म्हणाले, अक्का, तुमची तुमाला. ती जाळायचीच होती, दुसरं काही होणार नव्हतं तिचं. पण नागम्मा अक्का म्हणाली, थांब. म्हातारी झाली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. तिनं चाचपून कोपरे शोधले आणि एकेक टाका उसवला. ढेकळांचा भुगा झाला होता. तोच रंग, तेच बारीक तंतू.

मी तो भुगा पदरात घेतला आणि रानात गेले. त्या उन्हाळ्यात माझ्या रानातली तेवढीच माती कचऱ्यावर गेली होती. तीही मी परत आणली.